वाटी नव्हे, बाटी

ती घटना मला आजही आठवते, आणि जशी घडली तशीच आठवते. हे आरंभीच सांगणे भाग आहे, कारण त्या घटनेच्या दोन हकीकती लोकांत फिरत आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली एका स्थानिक वर्तमानपत्राची. त्याने तेव्हा मथळा दिला होता, ‘मूल पळविणारी चहावाली पोलिसांच्या जाळ्यात’. दुसरी माझ्या त्या वेळच्या एका दुय्यम सहकाऱ्याची. हे गृहस्थ माझ्यानंतर निवृत्त झाले, निरोपसमारंभात त्यांनी हा तपास रंगवून सांगितला आणि पुढे एका स्मरणिकेत लिहूनही काढला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पोलिसी खाक्या दाखवताच ती बाई घडाघडा बोलू लागली. त्या बाईसमोर मी बसलो होतो. खाक्याला ती बधली नाही. नावे मी कोणाचीच लिहिणार नाही, त्या गृहस्थांचेही नाही. पण हकीकत बिनचूक लिहीन.

कापसाचे ते वाईट दिवस होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव तेव्हा देशभर एकाच कारणाने घेतले जात असे आणि त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. ज्याविषयी कमी लिहिले गेले ते हे, की माणसे गाव सोडून चालली होती. स्वतःची जमीन असलेली, कापूस पिकवून ताठ मानेने जगलेली कुटुंबे त्या वर्षी पहिल्यांदा हातात कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर पश्चिमेकडे निघाली. दिवाळी सरली की दिग्रस, आर्णी, पुसदकडचे बंजारा तांडे रिकामे होत. मागे राहत म्हातारी माणसे आणि शेळ्या.

मी त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते, सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदाराने निनावी फोन घेतला. पलीकडचा माणूस एवढेच बोलला, “महागाव रोडवर चहावाली मावशी हाये ना, तिच्याजवळ पोट्टी हाये लहानशी. तिची नाई हाये ते. इकत घेतली म्हनतात.” आणि फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद झाली.

निनावी फोन करणाऱ्यांविषयी माझा एक अनुभव आहे. असा माणूस जे पाहतो ते बहुधा खरे सांगतो. जे सांगताना जोडतो ते त्याच्या मनातले असते. मुलगी आहे आणि ती त्या बाईची नाही, हे त्याने पाहिलेले होते. विकत घेतली, हे जोडलेले होते. सहकारी मात्र फोन ऐकताच पेटून उठले. जीप काढू, महिला कर्मचारी घेऊ, अपहरणाचा गुन्हा दाखल करून बाईला उचलू, असा त्यांचा बेत. मी नकार दिला. त्या रस्त्यावर पोलिसांची जीप उभी राहिली की चार गावांत बातमी जाते. मागे खरोखरच एखादी टोळी असेल, तर मूल तासाभरात दिसेनासे होते. आम्ही दोघे साध्या वेषात, एसटीने, प्रवासी म्हणून जाऊ, असे मी ठरवले. स्मरणिकेत जीप आहे. जीप नव्हती.

दुकान गावापासून दूर, रस्त्याच्या कडेला एकटेच होते. चार बल्ल्या, वर पत्रे आणि पुढे सावलीसाठी ताणलेला एका बियाणे कंपनीचा जाहिरातीचा कापडी फलक. त्यावर नारळाएवढी बोंडे रंगवलेली होती; तशी बोंडे आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिली नाहीत. चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, जळत होती. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, म्हणून बाईचा एक हात सतत चुलीकडे. वय पन्नाशीच्या पुढचे, नऊवारीचा काष्टा, कपाळ मोकळे. तिच्या मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिला पिवळ्या झेंडूचा ताजा हार.

आम्ही बाकावर बसलो. बाईने आम्हाला एकदा पाहिले.

“कुठचे भाऊ तुमी?”

“यवतमाळचे. महागावला चाललो आहोत.”

“मंग इथं काहून उतरले? एष्टी तं महागावलेच चालली व्हती.”

“म्हटले, चहा घ्यावा.”

“चाय प्यायले चालती एष्टी सोडनारा मानूस म्या अजून पाह्यला नाई,” ती दूध ओतता ओतता म्हणाली. “पोलीस हाये का टीव्हीवाले?”

यात हसण्यासारखे काही नाही. साधा वेष पहिल्या मिनिटात ओळखला गेला, तरी जीपने येऊन जे मिळाले नसते ते आम्हाला मिळाले: तिचे नेहमीचे गिऱ्हाईक उठून गेले नाही आणि तीही आपल्या जागी राहिली. टीव्हीवाल्यांवर तिचा विशेष राग होता. कॅमेरे घेऊन लोक येत आणि या भागात कोण कोण मेले, असे विचारत. तिने एकाला दिलेले उत्तर शेजारच्या बाकावरच्या शेतकऱ्याने आम्हाला मोठ्या कौतुकाने ऐकवले: “मेल्याइचं तहसीलात इचारा. इथं जित्याइले चाय भेटते.”

चुलीच्या उबेला एक मुलगी बसली होती. तीनएक वर्षांची. मोठ्या माणसाचा स्वेटर, बाह्या दुमडून दुमडून मनगटापाशी गाठोडे झालेल्या.

“ही कोणाची?” मी विचारले.

“माह्या बहिनीची. हिंगनघाटची हाये बहीन. बायतपनाले दवाखान्यात हाये, म्हून आनली इकडं.”

“नाव काय हिचे?”

बाईने चहा ढवळला. पुन्हा ढवळला. “पोरी म्हनतो आमी,” ती म्हणाली. “चाय घ्या, थंडी होऊन राह्यली.”

खोटे बोलणारा न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे तयार ठेवतो, असे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे. बहीण, गाव, दवाखाना, सारे एका दमात आले. आणि कोणतीही मावशी झोपेतसुद्धा सांगेल ते नाव मात्र आले नाही.

सहकाऱ्यांचा संयम सुटला. “बाई, सरळ सांगा, नाहीतर ठाण्यात चला.”

“चाला,” बाई म्हणाली. “चूल इझू द्या. अन् मावशीले काहून नेलं ते गिऱ्हाइकाले तुमीच सांगा.”

शेजारचा शेतकरी कळवळला. “मावशी, तू गेली तं चाय कोन करन?”

“तू कर. तुया बायकोले तरी कयन, तुले काई येते म्हून.”

बाकावर हशा पिकला. बाईच्या तोंडावर मात्र हसू नव्हते आणि तिचा मोकळा हात मुलीच्या डोक्यावर जाऊन बसला होता.

तेवढ्यात ती मुलगी उठली, सहकाऱ्यांच्या गुडघ्याशी आली आणि त्यांच्याकडे पाहून स्पष्ट म्हणाली, “बाटी.”

सहकारी कोकणातून नुकतेच बदलून आलेले. आवाज मोठा असला तरी मुलांच्या बाबतीत हा माणूस मऊ, हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवतो. “वाटी? वाटी पाहिजे बाळाला?” असे म्हणत त्यांनी फळीवरची स्टीलची वाटी काढून तिच्या हातात दिली. मुलीने ती फेकली. “बाटी!” तिने रडवेल्या आवाजात सांगितले. सहकाऱ्यांनी आणखी मोठी वाटी शोधली. मुलीने तीही फेकली आणि भोकाड पसरले.

“अवं, उपाशी हाये ना ते!” बाई करवादली. वळली, टोपल्यातली ज्वारीची भाकर चतकोर मोडली, दुधात बुडवली आणि मुलीच्या हातात दिली. रडणे थांबले.

आणि मग बाईचा हात जागच्या जागी थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहतच होतो.

नोकरीतली उमेदीची वर्षे मी पुसदकडे काढली होती. तांड्यावरच्या गोरबोलीत भाकरीला बाटी म्हणतात, हे मला ठाऊक होते. हिंगणघाटच्या बहिणीचे लेकरू बाटी मागत नाही. आणि ‘बाटी’ ऐकताच विचार न करता भाकर मोडणाऱ्या बाईला, हे लेकरू कोणत्या घरचे आहे, ते ठाऊक असते. दोन पोलिसांपुढे तिचे खोटे टिकले होते. त्या पोरीच्या भुकेपुढे ते टिकले नाही. तपासाला कलाटणी मिळाली ती इथे. स्मरणिकेत हा प्रसंगच नाही. का नाही, ते वाट्या कोणी दिल्या हे वाचल्यावर वाचकांना सांगावे लागू नये.

मी सहकाऱ्यांना रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली जाऊन थांबायला सांगितले. म्हणजे पुढचे बोलणे झाले तेव्हा ते गृहस्थ तिथे नव्हते, हेही नोंद असावे.

“बाई,” मी म्हणालो, “कोणत्या तांड्याची आहे ही?”

ती चुलीपाशी खाली बसली. “तेच तं मले माईत नाई, साहेब.”

मग तिने सांगितले. दिवाळीनंतर एका दुपारी टोळीचे दोन ट्रक तिच्या दुकानापुढे थांबले होते. बायाबापड्या, पोरेबाळे, भांडीकुंडी, कोंबड्या. सगळ्यांनी चहा घेतला, पाणी भरले. ट्रक निघून गेल्यावर ती पऱ्हाटी आणायला मागे गेली, तर ढिगापाशी उन्हात ही पोरगी गाढ झोपलेली.

“टरकाच्या मांगं धावली मी, साहेब. अनवानी. टरक काय थांबते?”

“मग ठाण्यात का आला नाहीत?”

“आली असती तं तुमी काय केलं असतं?”

“नियमाप्रमाणे बालकल्याण समितीपुढे हजर केले असते. तिने बालगृहात ठेवायला सांगितले असते.”

“कुठं?”

“यवतमाळला.”

“पाहा आता,” ती म्हणाली. “माय इथं सोडून गेली, अन् पोट्टी जाईन यवतमाळले. त्या मायले यवतमाळ कोन सांगन? तिले इतलंच आठवन, का चाय पेली तिथं राह्यली. ते इथंच येईन. टोळी वापस येईन ते याच रस्त्यानं येईन. तवा पोट्टी इथंच पाह्यजे ना, साहेब?”

“आणि ती हिंगणघाटची बहीण?”

“बहीन नाई मले. तुमी नेसान तिले, म्हून बोलली.”

सांगितलेले सगळे खरे मानावे, असा माझा स्वभाव नव्हता. मी गिऱ्हाइकांना एकेकटे बाजूला घेऊन विचारले. सगळ्यांचे म्हणणे जुळले. मजुरांनी भरलेली कोणतीही गाडी लांबून दिसली, की मावशी हातातले काम टाकते, पोरीला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि पोरीचे तोंड गाडीकडे करते. दूध उतू गेले तरी मागे पाहत नाही. उतू गेलेल्या दुधाबद्दल एकजण तर चिडलेलाच होता.

स्मरणिका म्हणते, बाईच्या मनात मूल ठेवून घ्यायचे होते. ज्याला मूल लपवायचे असते तो ते रस्त्यावर उचलून धरत नाही. न्यायालयात मी हा एकच मुद्दा मांडला असता आणि तो पुरेसा होता.

तरीही कायदा बाजूला ठेवता येत नव्हता, आणि मी तो ठेवला नाही. बाईचा जबाब नोंदवला, गिऱ्हाइकांचे जबाब नोंदवले आणि मुलीला, बाईसह, बालकल्याण समितीपुढे हजर केले. पालक सापडेपर्यंत या बाईला योग्य व्यक्ती मानून मूल तिच्याच ताब्यात द्यावे, असा लेखी अहवाल माझ्या सहीने दिला. सहकाऱ्यांनी ठाण्याच्या दारातच मला अडवले होते. “साहेब, उद्या बाई पोरीला घेऊन पसार झाली तर तुमची नोकरी जाईल.” ते बरोबर बोलत होते. मी सही केली.

समितीच्या अध्यक्ष बाई कडक होत्या. त्यांनी चहावालीला विचारले, “मूल परत द्यावे लागेल, हे ठाऊक आहे ना?”

“मंग काय लोनचं घालू का म्याडम तिचं?” ती म्हणाली. त्या खोलीत मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. पण अध्यक्ष बाई हसल्या. त्या भागाच्या बीट अंमलदाराने वरचेवर भेट देऊन कळवावे, या अटीवर मूल तिच्याकडे राहिले.

आता पालक शोधायचे होते. हरवलेल्या मुलीबद्दलचा कोणताही बिनतारी संदेश आमच्या जिल्ह्यात आला नव्हता, आणि हीच गोष्ट मला खटकत होती. लेकरू हरवले आणि आईबाप गप्प राहिले? मी जवळच्या एका तांड्यावर गेलो आणि तिथल्या नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, भेटलो. उन्हाला बाज टाकून म्हातारा बसला होता. मी खाली बसलो. उभ्याने बोललेल्या पोलिसाला तांड्यावर फक्त हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. सगळे सांगून झाल्यावर तो बाजेवरून पुढे वाकला. मग म्हणाला, “पोरगी जेवते का नीट?”

“जेवते.”

“मंग झालं. निरोप जाते, साहेब. तुमी आता घरी जा.”

नायकाचा शब्द एका तांड्यावरून दुसऱ्या तांड्यावर, तिथून मुकादमांच्या मोबाइलवर आणि ट्रकचालकांच्या तोंडी उसाच्या फडांपर्यंत गेला. काही दिवसांत एका साखर कारखान्याच्या तळावरून फोन आला आणि सारा घोळ उलगडला. ते नवरा-बायको त्या वर्षी पहिल्यांदाच टोळीबरोबर निघाले होते. आई तान्हे मूल घेऊन पुढच्या ट्रकमध्ये, बाप मागच्या. मुलगी दुसऱ्याजवळ आहे, असे दोघांनाही वाटले. लक्षात आले ते दुसऱ्या दिवशी, मुक्कामाला उतरताना. बाप तिकडच्या ठाण्यात रडत गेला. रस्ता त्याला नवीन. चालकाच्या तोंडून ऐकलेले ‘महागाव’ एवढेच नाव त्याला आठवत होते. तिकडेही जवळच एक महागाव आहे, आणि संदेश त्या महागावाला गेला. बाप स्वतःही रात्रीच्या एसटीने परत येऊन गेला होता; तक्रार तिकडे दिलेलीच आहे, म्हणून इथल्या ठाण्यात गेला नाही. आमच्या महागावातले प्रत्येक चहाचे दुकान त्याने पालथे घातले. गावाच्या फार अलीकडे, रानात एकटे असलेले हे दुकान त्याला कोणी सांगितले नाही, कारण त्याने विचारले ते गावातल्या दुकानांबद्दल.

आईबाप आले त्या सकाळी मी आणि सहकारी गणवेशात हजर होतो. ओळख पटवून ताबापावती करायची होती. एसटी थांबली. तान्ह्याला बापाजवळ देऊन आई उतरली आणि चार पावलांवर थबकली. तिला पाहून मुलगी चहावालीच्या लुगड्यामागे लपली.

मी नोकरीत पुष्कळ वाईट क्षण पाहिले. त्या आईचा चेहरा मी त्यांत धरतो. तिने हाका मारल्या नाहीत, पुढे आली नाही; अंगातला जीव निघून गेल्यासारखी नुसती उभी राहिली. चहावालीने काही केले नसते, तर काही घटका तशाच गेल्या असत्या आणि कोणी तिला दोष दिला नसता. तिने वाकून लुगड्यात रुतलेली मुलीची मूठ सोडवली, एकेक बोट उलगडून. मग तिला खांद्याला धरून फिरवले.

“जाय,” ती म्हणाली. “याडी हाये ते तुयी.” याडी म्हणजे आई. गोरबोलीतला तो शब्द तिने पोरीकडूनच उचलला असावा.

आईने तेव्हा मुलीला नावाने हाक मारली. अगदी हळू. मुलीने मान तिरकी करून ऐकले, ओठ काढले आणि धावली. आई रस्त्याच्या कडेला धुळीतच बसली. बाप तान्ह्याला छातीशी धरून दुकानाच्या बल्लीला टेकून रडत होता.

चहावाली कमरेवर हात ठेवून कडाडली, “बोचकं हाये का पोट्टी, टरकात टाकलं असन म्हून समजाले? हात लावून पाह्यत जा लेकराइले, गाडी हालायच्या आंधी! एक डोक्शावर हात याचा, एक डोक्शावर हात तिचा!” आई रडता रडता हसली आणि तिने चहावालीचे पाय धरले. चहावालीने तिला बखोट्याला धरून उठवले, बाकावर बसवले आणि चुलीत पऱ्हाटी सारली. माझे सहकारी तोंड फिरवून रुमाल शोधत होते. स्मरणिकेत त्यांनी हे लिहिले असते, तर त्यांचा मान कमी झाला नसता.

या तपासाने मला काय शिकवले, असे नव्याने भरती झालेली मुले कधीकधी विचारतात. खोटे पकडले की आपले काम झाले, असे मी तोवर मानत होतो. त्या दुकानात खोटे पकडले गेले तेव्हा काम सुरू झाले. बाई खोटे बोलते आहे, हे माझ्या सहकाऱ्यांनीही ओळखले होते. ती ते कोणासाठी बोलते आहे, हे विचारायला मात्र त्यांना कडुलिंबाखाली पाठवावे लागले. त्यानंतरच्या नोकरीत प्रत्येक खोट्या जबाबापाशी मी क्षणभर थांबलो. बहुतेक वेळा माणूस स्वतःसाठीच खोटे बोलत होता. पण थांबलो, हे मी अभिमानाने सांगतो.

एक गोष्ट राहिली. आईबाप मुलीला घेऊन गेल्यावर चहावाली रिकामी भांडी विसळत बसली होती. आईने मारलेली हाक तिने स्वतःशी उच्चारून पाहिली, एकदाच, शब्द नीट बसतो का ते पाहावे तशी. इतके दिवस पोरीला नुसते ‘पोरी’ का म्हणत राहिलात, एखादे नाव का ठेवले नाही, असे मी तिला विचारले. ही चौकशी नव्हती. मला खरोखरच कळत नव्हते.

तिने मान वर केली नाही.

“ठेवलं असतं तं माहीच झाली असती ना, साहेब.”